संरक्षक भिंत आहे, तरी दरडीची भीती?

प्रश्न : आम्ही विक्रोळीला डोंगराला लागूनच राहतो. मागे चांगली उंच संरक्षक भिंत बांधलीय, तरी दर पावसाळ्याआधी घर खाली करायची नोटीस येते. भिंत असताना दरड येईलच कशी? आणि मुलगा विचारतोय की काश्मीरकडे बर्फ कोसळतो तो पण असाच का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, नोटीस फेकून देऊ नका एवढं आधी सांगते. आपल्याकडच्या डोंगरात खाली काळा कातळ आणि वर मुरूम-माती, दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला की पाणी झिरपत कातळापर्यंत जातं आणि तिथं अडतं, माती जड होते, कणांची एकमेकांवरची पकड पाण्याच्या दाबाने सुटते, त्यात घरांसाठी पायथा कापलेला असेल तर खालचा आधारही गेलेला असतो.

आता भिंत. तिच्यात ओळीने पाइप बसवलेले दिसतील बघा, ते मागचं पाणी बाहेर काढायला असतात. गढूळ पाणी दारात येतं म्हणून लोक त्यात सिमेंट भरतात, नाहीतर पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या अडकून ते तुंबतात, मग सगळं पाणी भिंतीमागे साचतं आणि पाण्याचा रेटा सहन करायला ती भिंत बांधलेलीच नसते. आणि पडली की मातीसोबत भिंतीचा ढिगाराही घरावर येतो. १८ जुलै २०२१ ला पहाटे चेंबूरच्या भारतनगरमध्ये दरडीने भिंत घरांवर पडून १९ जण गेले, त्याच पहाटे तुमच्या विक्रोळीत सूर्यनगरला १० जण. झोपेतच बहुतेक. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड आली ती पण रात्रीच. माळीणला तर २०१४ मध्ये गावच गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं, आणि बाहेर कळलं ते एसटी ड्रायव्हरला गाव दिसलं नाही तेव्हा.

मुलाला सांगा, हिमस्खलनात पावसाची गरज नसते. बर्फाचे थर एकावर एक साचतात, मधला एखादा थर कच्चा राहतो, वर नवा बर्फ पडला किंवा माणूस चालला तरी वरचा अख्खा थर सुटतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हे जास्त होतं, त्याहून खड्या उतारावर बर्फ टिकतच नाही. थांबल्यावर तो इतका घट्ट बसतो की आतल्याला हात हलवता येत नाही, पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तरच वाचायची आशा बरी असते.

तुम्ही मात्र जूनच्या आधी ते पाइप मोकळे करून घ्या. भिंतीला पोट आलं, नवी चीर पडली, दरवाजे एकाएकी घट्ट बसायला लागले किंवा भर पावसात पाइपांतलं पाणी अचानक थांबलं, की आधी म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना घेऊन बाहेर पडायचं आणि मग महापालिकेच्या आपत्कालीन मदतीच्या १९१६ नंबरला फोन करायचा. आणि पाऊस उघडला म्हणून त्याच रात्री परत झोपायला जाऊ नका, मातीतलं पाणी उतरायला वेळ लागतो.