वाचक विचारतात: फ्रीजरात जेवण नको, वाटप ठेवा

ताई, मी पणजीला ऑफिसात, मिस्टर वेर्ण्याला कंपनीत शिफ्टला, आणि राहतो फोंड्याला. दोन मुलं शाळेत, घरात सासूबाई. बसचा धक्का खात घरी पोचेस्तोवर साडेसात, मग नारळ खवा, वाटा, जेवायला बसेपर्यंत साडेनऊ. मोबाईलवर बायका एका रविवारी महिनाभराचं जेवण करून फ्रीजर भरतात ते बघून मीपण केलं. बटाट्याची भाजी स्पंज झाली, माशाचं हुमण (नारळाची आमटी) फुटलं, आणि सासूबाई म्हणाल्या शिळं मी खाणार नाही. हा नादच सोडू का?
– एक वाचक, फोंडा

नाद राहू दे, ते व्हिडीओ बघायचे मात्र बंद करा. त्यातलं निम्मं जेवण टोमॅटोच्या सॉसमधलं नाहीतर चीजमधलं असतं, त्याला गोठणं मानवतं. आपलं जेवण उभं आहे ओल्या नारळावर, आणि शिजवलेला नारळाचा रस गोठवून परत वितळवला की त्यातलं तेल आणि पाणी वेगळं होतं, म्हणून तुमचं हुमण फुटलेलं दिसलं. ते खराब झालेलं नव्हतं हं, मंद गॅसवर थोडं गरम पाणी घालून ढवळलं असतं तर बऱ्यापैकी जमून आलं असतं, पण चवीला उतरतंच. बटाट्याचं तसं नाही, त्याला इलाज नाही. आतल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात, ते पेशी फोडतात, आणि वितळल्यावर पाणी एकीकडे नि बटाटा एकीकडे. भाजी असो, भाजलेल्या मसाल्याची कोंबडी-मटणाची शागोती असो, गोठवायच्या पदार्थात बटाटा घालूच नका, गरम करताना वेगळा उकडून टाका.

आता मला सांगा, तुमचे ते दोन तास जातात कुठे? शिजवण्यात नाही जात. बांगड्याचं हुमण वाटप, म्हणजे वाटलेला नारळ-मसाला, तयार असलं की गॅसवर पंधरा मिनिटांत होतं. वेळ खातात खवणी आणि मिक्सर, आणि नंतर ते मिक्सरचं भांडं धुणं. म्हणजे गोठवायचं ते वाटप, जेवण नव्हे. रविवारी घरातल्या सगळ्यांना कामाला लावून (मिस्टरांना नारळ सोलायला बसवा, शिफ्ट काय रविवारीपण असते का रोज) पाच-सहा नारळ खवून घ्या. निम्मं खोबरं तसंच छोट्या पिशव्यांत भरून टाका, भाजीवर घालायला होतं. उरलेल्याची दोन वाटपं करा. एक हुमणाचं, ओला नारळ, सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंच, पाणी जेमतेम आणि वाटायचं अगदी गंधासारखं. दुसरं शागोतीचं, खोबरं-कांदा-खसखस-मसाला भाजून. भाजलेल्यात पाणी कमी असतं म्हणून ते गोठवायला जास्तच चांगलं. तेफळं (तिरफळं) आणि सोलां (आमसुलं) वाटपाबरोबर गोठवू नका, ती हुमणात शेवटी ताजीच पडायला हवीत, नाहीतर तो वास येत नाही.

भरायची पद्धत नीट ऐका, सगळी मेख इथेच आहे. डब्यात गच्च भरलेलं वाटप आतून गोठायला रात्र लागते आणि संध्याकाळी सुटायला तास लागतो, तेवढ्यात तुमची चिडचिड. झिपची पिशवी घ्या, एका वेळेपुरतं वाटप घाला, ओट्यावर आडवी ठेवून हाताने थापून बोटभर पातळ करा, हवा काढा, आणि वरून चमच्याच्या दांड्याने दोन-तीन रेघा ओढा. गोठल्यावर त्या रेघेवर मोडून हवं तेवढंच काढता येतं. आणि पिशवीवर मार्करने नाव आणि तारीख घाला, आता वाटतं लक्षात राहील पण महिन्याने सगळी वाटपं सारखीच लालसर दिसतात आणि मग मुगाच्या गाठीत (उसळीत) हुमणाचं वाटप जातं. काचेच्या बरणीत काठोकाठ काही भरू नका, पाणी गोठताना फुगतं आणि बरणी तडकते.

अळसांदे (चवळी), चणे, वाटाणे भिजवून उकडून त्यांच्याच पाण्यासकट गोठवता येतात, फार छान राहतात. अळसांदे आहेत, वाटप आहे, म्हणजे तोणाक (कडधान्याची रस्साभाजी) वीस मिनिटांत. भात मात्र रोजचा रोज कुकरला लावा, त्यात काही वेळ वाचत नाही, आणि भात बाहेर जास्त वेळ राहिला तर त्यातले काही जंतू असं विष सोडतात की परत गरम करूनसुद्धा ते जात नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण त्या पूर्ण चूक नाहीत. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. तीन तास ओट्यावर राहिलेली शागोती फ्रीजरात टाकलीत तर बाहेर काढाल तेव्हा ती तीन तास ओट्यावर राहिलेलीच असणार. म्हणून शिजवलेलं काही ठेवायचंच असेल तर पसरट भांड्यात काढून, खाली पाण्याची परात ठेवून, पंख्याखाली पटकन निववा आणि दोन तासांच्या आत, मे महिन्यातल्या उकाड्यात तर तासाभरातच आत टाका. काढताना आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये उतरवा, मग खळखळून उकळी आणा, आणि उरलेलं परत गोठवू नका. वाटपाचं जेवण तर रोज ताजंच शिजतं, फोडणीचा वास घरभर गेला की शिळं म्हणायला जागाच नाही. तरी कुरबुर झालीच तर हळूच विचारा, तुमच्या वेळी मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरून ठेवायचा, सुकी सुंगटां (कोळंबी), सोलां, लोणची, ते काय होतं?

ताई, आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल आणि कधी येईल देवालाच माहीत. एवढं करून ठेवायचं आणि सगळं वितळलं तर?
– एक वाचक, वाळपई

फ्रीजर गच्च भरलेला असेल आणि दार उघडलं नाहीत तर साधारण 48 तास थंडी टिकते, अर्धा भरलेला असेल तर 24. म्हणून पावसाच्या आधी रिकाम्या जागेत प्लॅस्टिकच्या बाटल्या पाऊण भरून ठेवा. दर तासाने दार उघडून "वितळलं काय गे?" बघणारं माणूस प्रत्येक घरात असतं, त्याला आवरा. तुम्ही गावाला गेला असाल तर कळायला एक युक्ती, वाटीत पाणी गोठवून बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. आल्यावर नाणं वरच दिसलं तर ठीक, तळाला गेलेलं असेल तर बर्फ वितळून परत गोठलाय, मग मासळी-मटण टाकून द्या, जीव हळहळला तरी. वास घेऊन ठरवू नका, सगळ्या बिघडलेल्याला वास येतोच असं नाही. आत अजून बर्फाचे कण दिसत असतील तर मात्र खुशाल शिजवून घ्या.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी असते, मग मासळी महाग. मे महिन्यात बांगडे घेऊन ठेवले तर चालतील का?
– एक वाचक, मडगाव

चालतील, पण दोन अटी. पहिली, फ्रीजर खरंच उणे 18 अंशांवर हवा. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा कप्पा बहुतेक वेळा तेवढा थंड नसतो, त्यात आईस्क्रीम कडक राहत नसेल तर आठवडाभरापलीकडे मासळी ठेवायच्या फंदात पडू नका. दुसरी, बांगडा बाजारातून बर्फात आणा आणि आल्या आल्या साफ करून आत टाका. बांगडा, तारले, टुना असल्या मासळीत उष्णतेने हिस्टामिन तयार होतं, तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, आणि ते ना गोठवून जातं ना तळून. दुपारभर पिशवीत फिरलेला बांगडा गोठवून काय उपयोग! तेलकट मासा म्हणून दोन-तीन महिन्यांत संपवा. सुंगटां सोलून डब्यात पाण्यात बुडवून गोठवली तर सुकत नाहीत.

उरलेले पाव आणि पोई (कोंड्याचे पोकळ पाव) फ्रीजमध्ये ठेवले की दुसऱ्या दिवशी कडक होतात, काय करू?
– एक वाचक, म्हापसा

खालच्या फ्रीजमध्ये ठेवूच नका, तिथल्या थंडीत पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतले त्याच दिवशी पिशवीत बांधून थेट फ्रीजरात टाका. सकाळी पोईला वरून ओला हात फिरवून तव्यावर झाकण ठेवून गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये टाकलीत तर निवल्यावर चावता चावत नाही.