राजीनाम्यावर सही करू नका

प्रश्न : एका मोठ्या हॉस्पिटल ग्रुपच्या नेरूळमधल्या आयसीयूत मी सहा वर्षांपासून स्टाफ नर्स आहे. वर्षभरापूर्वी पगार न वाढवता 'शिफ्ट इन्चार्ज' केलं. नाइटला एकेकीकडे व्हेंटिलेटरवरचे तीन पेशंट असतात. न घेतलेल्या वेळच्या बीपी-पल्सच्या नोंदी सकाळी चार्टवर भरायला सांगतात. याबद्दल मी मेट्रनना ईमेल केला. त्यानंतर एचआरने बोलावून घेतलं : "स्वतःहून राजीनामा द्या, नाहीतर टर्मिनेट करू, मग अनुभवपत्र विसरा." माझी मूळ सर्टिफिकेटं त्यांच्याकडेच आहेत. काय करू?

उत्तर : राजीनामा देऊ नका. आज नाही, उद्याही नाही. कोर्टात पुढे काहीही सांगितलं तरी तो कागद तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल, आणि दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येईल. काढायचंच असेल तर त्यांनी काढावं. मग कारण त्यांना द्यावं लागेल, आरोप असेल तर चौकशी करावी लागेल. केबिनमध्ये अडवून सही घेतलीच, तर बाहेर पडताच ईमेल करा : सही दबावाखाली झाली, राजीनामा मागे घेत आहे. यात एक दिवसही दवडू नका.

'इन्चार्ज' म्हटलं की तुम्ही मॅनेजमेंटच्या, कामगार कायदा तुम्हाला नाही, असं ते सांगतील. त्याला घाबरू नका. हुद्दा काय यापेक्षा दिवसभर प्रत्यक्ष काय काम करता हे कोर्ट बघतं. तुम्ही पेशंट बघता, सलाइन लावता, नळीने कफ ओढून काढता (सक्शन). रजा मंजूर करायचा किंवा कुणावर कारवाई करायचा अधिकार तुम्हाला आहे का? नसेल तर तसं लिहून ठेवा आणि ड्युटी रोस्टर जपा.

काढलंच, तर मुदतीकडे लक्ष हवं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्यात तक्रारीला ९० दिवस आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे मालक-कामगार वादांचा नवा केंद्रीय कायदा, लागू झाली आहे, त्यामुळे नेमका कोणता मार्ग धरायचा ते काढल्याचं पत्र हातात पडताच वकिलाकडून ठरवून घ्या. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं, म्हणून ठाण्याचं कामगार न्यायालय. खारघरला असतात तर रायगड बघावं लागलं असतं.

आता चार्ट. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. नोकरी दुसरी मिळेल, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन एकदा अडचणीत आलं की सावरणं कठीण. पेशंट दगावला आणि नातेवाईक कोर्टात गेले, तर चार्टवर सही तुमची दिसेल, सांगणाऱ्याची नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक नर्स हे मान्य प्रमाण आहे, तीन पेशंट दिल्यावर नोंदी सुटणारच. सुटली ती सुटली म्हणून ठेवा. खरोखर घेतलेली नोंद उशिरा करायची असेल तर 'लेट एंट्री' लिहून खरी वेळ टाका. तोंडी आदेश आला की त्याच शिफ्टमध्ये मेट्रनना मेसेज करा : आपण असं सांगितलंत, मला ते करता येणार नाही.

पुरावा जमवताना एक पथ्य पाळा. पेशंटच्या फायलींचे फोटो काढू नका, घरी नेऊ नका. गोपनीयता मोडली म्हणून तुम्हाला काढायचं आयतं कारण त्यांना मिळेल. तुमचे ईमेल, रोस्टर, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरेसे आहेत. फक्त मेसेज डिलीट करू नका आणि फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कोर्टात प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते जोडताना मूळ फोन हाताशी असलेला बरा.

मूळ सर्टिफिकेटं अडवून ठेवायचा त्यांना काही हक्क नाही. ईमेलवर मागा, सात दिवस द्या, मग ठाण्याच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा. सर्टिफिकेटं मागणारा हा ईमेल सगळ्यात आधी पाठवा, बाकी वाद तापायच्या आत.

पैसे अडकवू असा धाक घातला, तर त्याला अजिबात बळी पडू नका. पाच वर्षं भरल्यामुळे ग्रॅच्युइटी तुमची झाली आहे : शेवटचं महिन्याचं बेसिक आणि महागाई भत्ता (डीए) भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची सहा वर्षं. ती ३० दिवसांत द्यावी लागते. नोकरी कशीही सुटली तरी थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत देणं वेतन संहितेनुसार बंधनकारक आहे.

एचआरने पुन्हा बोलावलं तर एकट्या जाऊ नका. सोबत कुणाला येऊ दिलं नाही, तर बैठक संपताच काय बोलणं झालं ते ईमेलने त्यांनाच कळवा.