‘रूछीन’ कुठे वापरायचं आणि कुठे नाही

चिनी शिकताना ‘रूछीन’चा अर्थ ‘आक्रमण’ एवढाच पाठ करू नका. पहिलं अक्षर ‘रू’ चौथ्या सुरात, खाली आपटणारं; ‘छीन’ पहिल्या सुरात, सपाट आणि उंच. लिहिताना ‘रू’ आणि माणसाचं ‘रन’ यांची गल्लत फार होते. ‘रू’मध्ये उजवी रेघ वर डावीकडे झुकलेली असते, तेवढी खूण धरा.

हा शब्द सैन्यापुरता नाही. हॅकर संगणकात घुसले तरी ‘रूछीन’, आणि बाहेरून येऊन फोफावणाऱ्या वनस्पतींसाठीही हाच. आपल्या नद्यांवर पसरणारी जलपर्णी चीनमध्येही अशाच घुसखोर प्रजातींत मोडते, म्हणून हे उदाहरण मी आवर्जून देते.

कर्म थेट पुढे ठेवा: ‘रूछीन शीथोंग’, म्हणजे प्रणालीत घुसणं. मराठीतल्या ‘-त’साठी वेगळा शब्द शोधत बसू नका, तिथेच वाक्य बिघडतं.

1937 च्या जपानी आक्रमणाबद्दल वाचताना मात्र ‘छीनल्वे’ सतत भेटेल. त्यात निषेधाची धार आहे. कुणी खोलीत धाडकन घुसलं तर ‘च्वांगरू’. परवानगीशिवाय घरात शिरण्याच्या गुन्ह्यासाठी कायद्यात अक्षरं उलटी येतात: ‘छीनरू’. हे चारही शब्द एकेका वाक्यासकट वहीत शेजारी-शेजारी लिहा.