'करण्यात आले' म्हणजे कोणी केलं?

२०२४ च्या दिवाळीनंतर बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं एक कुटुंब सल्ल्यासाठी माझ्याकडे आलं होतं. आई, बाबा आणि समाजकार्याच्या एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बोलायला सुरुवात आईनेच केली. "ताई, वर्षभरात हिने तेवीस अर्ज केले. संयुक्त राष्ट्रं झाली, परदेशातल्या स्कॉलरशिपा झाल्या. एकाचाही होकार नाही. अर्ध्यांचं तर उत्तरसुद्धा नाही. आपली वर ओळख नाही, हिच्याकडे दिल्ली-मुंबईच्या कॉलेजचं नाव नाही. रात्र रात्र जागते. आता पुरे कर म्हणून तुम्हीच सांगा."

हीच काळजी घेऊन अनेक घरं माझ्याकडे येतात. "ओळखीशिवाय तिथे काही होतं का हो?" मुलं हा प्रश्न तोंडाने विचारत नाहीत, पण उत्तर न आलेल्या प्रत्येक ईमेलमागे तोच असतो. नकार पचतो, पण ही शांतता आपल्या लायकीवरच शंका घ्यायला लावते. म्हणून मी आधी तिला तिचे तेवीसच्या तेवीस अर्ज छापून आणायला सांगितले.

पहिला उलगडा पात्रतेच्या अटी वाचतानाच झाला. तेवीसपैकी नऊ ठिकाणी ती बसतच नव्हती. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्ती आहे, तिलाही दोन वर्षं लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या तरुण व्यावसायिकांसाठीच्या परीक्षेत तर वयाची ३२ ची मर्यादा असतेच, शिवाय ती कुठल्या देशांच्या नागरिकांसाठी खुली आहे याची यादी दरवर्षी बदलते. ज्या देशांचे लोक तिथे कमी आहेत, त्यांना ती संधी असते. आपला देश त्या वर्षीच्या यादीत नसेल तर कितीही हुशार मुलगी असो, दार बंदच. या नऊ अर्जांत ओळखीचा, कॉलेजचा, बडोद्याचा काही संबंधच नव्हता. हे ऐकून तिचे बाबा पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले.

उरले चौदा. इथे माझं चुकलं, ते सांगायला हवं. मी तिचं इंग्रजी सुधारायला घेतलं. दोन भेटी त्यात गेल्या, भाषा गुळगुळीत झाली आणि अर्ज होते तसेच निर्जीव राहिले. तिसऱ्या भेटीत एका वाक्यावर माझी नजर अडली. मराठीत आणलं तर ते असं होतं: 'ऑगस्ट २०२४ च्या पुरात मदतकार्य करण्यात आले व आमच्या गटाने गरजू कुटुंबांपर्यंत अन्न पोहोचवले.'

विश्वामित्रीचा तो पूर आम्ही सगळ्यांनीच पाहिला होता. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "त्या दिवशी तू नेमकी कुठे होतीस?"

आणि ती बोलायला लागली. अकोट्यातल्या एका सोसायटीत तिचा गट दुधाच्या पिशव्या आणि खिचडी घेऊन गेला होता. गॅलरीतून जो मोठ्याने हाक मारेल, त्याला आधी पिशवी मिळत होती. तळमजल्यावरची माणसं वर कुणाकुणाच्या घरात शिरलेली, कोण कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नाही. ही वहीचं मागचं पान उघडून जिना चढली. प्रत्येक दाराशी दोनच प्रश्न विचारले: रोजचं औषध कुणाला लागतं आणि घरात आहे ते किती दिवस पुरेल? संध्याकाळपर्यंत बासष्ट घरांची नोंद झाली. त्यात पाच माणसं इन्सुलिनवर होती आणि एका आजोबांचं डायलिसिस दुसऱ्याच दिवशी होतं. गटातले मोठे दादा म्हणत होते, आधी अन्न वाटू. तिने वही पुढे करून आजोबांना पहिल्या ट्रॅक्टरमधून बाहेर काढायला लावलं.

मी विचारलं, "अगं, मग हे अर्जात का नाही?"

"ताई, मी एकटीने कुठे केलं? सगळेच होते. आणि मी मी कसं करायचं? बरं दिसत नाही ते."

उरलेल्या चौदा अर्जांच्या अपयशाचं मूळ तिथे होतं. आपल्या घरांत 'मी मी करू नये' हे मुलांना, विशेषतः मुलींना, अगदी लहानपणापासून शिकवलं जातं. मला तो संस्कार मनापासून आवडतो. पण त्याच्या जोडीला शाळेच्या अहवालांतलं 'करण्यात आले' येतं, आणि दोन्ही मिळून माणूसच वाक्यातून नाहीसा होतो. जिनिव्हात किंवा बॉनमध्ये बसून अर्ज वाचणाऱ्याला दांडिया बाजार माहीत नाही आणि तुम्हीही माहीत नाही. परिस्थिती काय होती, तुम्ही स्वतः काय केलं, त्यातून काय निष्पन्न झालं, या तीन गोष्टी तो शोधतो. संयुक्त राष्ट्रांच्या मुलाखतीही याच धाटणीच्या असतात. 'आम्ही' लिहिलं की मधली गोष्ट हातातून निसटते.

तिला पटायला वेळ लागला. २०२१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाने आपल्या माणसांकडून अपेक्षिलेली चार मूल्यं मी तिला दाखवली: समावेशकता, सचोटी, विनम्रता, मानवता. विनम्रता त्यात लिहूनच ठेवलेली आहे. "वही तू उघडलीस, हे खरं आहे ना? मग खरं सांगण्यात गर्व कसला? दादांचा ट्रॅक्टर होता, तेही लिही." यावर ती रडली आणि मग लिहायला बसली.

पद्धत साधी ठेवली. आधी सगळं मराठीत मोबाइलवर बोलायचं, आईला सांगावं तसं. मग ते ऐकताना प्रत्येक क्रियापदाशी थांबायचं आणि विचारायचं, 'कोणी?' उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. इंग्रजी त्यानंतर.

मध्येच बाबा एकटे येऊन गेले. एका माणसाने 'यूएनमध्ये लावून देतो' म्हणून ऐंशी हजार मागितले होते आणि बाबा ते द्यायला निघालेही होते. संयुक्त राष्ट्रं अर्जापासून नेमणुकीपर्यंत कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत. जो मागतो तो फसवतोच आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांची दुसरी शंका मात्र रास्त होती: "परके लोक फुकट का शिकवतील? बदल्यात काहीतरी मागतीलच." मागतात की कधी कधी. १९१३ मध्ये आपल्याच सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेव्हा परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. चेव्हनिंगमध्ये आजही दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. युरोपच्या इरॅस्मस मुंडस या पदव्युत्तर शिष्यवृत्तीत तशी अट नाही. शुल्क माफ असतं आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, त्यातच प्रवास, व्हिसा आणि राहणं भागवायचं. उलट, संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या इंटर्नशिपला मानधनच नसतं, म्हणून ती आधी नको, असं माझं मत मी स्पष्ट सांगितलं. अट लपलेली नसते, वाचावी लागते. बाबांनी त्या सगळ्या अटी एका रविवारी स्वतः बसून वाचल्या.

जानेवारी २०२५ पर्यंत तिने तीनच अर्ज केले. दोन इरॅस्मस मुंडसचे, आणि तिसरा संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाचा, कारण तिथे निर्वाहभत्ता मिळतो आणि पदवीनंतरचा कमी अनुभवही चालतो. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना तिने वहीच्या त्या पानाचा फोटो दिला. 'विद्यार्थिनी मेहनती आहे' यापलीकडे त्यांनाही मग लिहायला काही मिळालं.

एका ठिकाणी नकार आला. स्वयंसेवकांकडून काहीच आलं नाही. एका ठिकाणी राखीव यादीत नाव लागलं, आणि ते तीन महिने घराला जड गेले. आई रोज विचारायची, मी रोज म्हणायची, "राखीव म्हणजे नकार नाही, पण होकारही नाही. तुमचं रोजचं चालू ठेवा." जूनच्या शेवटी कुणीतरी जागा सोडली आणि तिला बोलावणं आलं.

आता ती तिथे दुसऱ्या सत्रात आहे. गेल्या महिन्यात एका आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या सहा महिन्यांच्या कामासाठी तिने अर्ज तयार केला आणि मला पाठवला. दुसऱ्या पानावर एका जागी पुन्हा 'करण्यात आले' होतं. मी त्याखाली फक्त रेघ ओढून कागद परत पाठवला. रात्री तिचा एका शब्दाचा निरोप आला: "मी."