नंबर परत आला, फ्लॅप पुन्हा उचलायचा का?

प्रश्न : नऊ वर्षांपूर्वी लॅसिक (चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन) केलं, तेव्हा दोन्ही डोळ्यांना मायनस ५ होता. आता उजव्याला मायनस १.२५ आणि डाव्याला मायनस ०.७५ आलाय. रात्री कसारा घाट उतरताना समोरच्या गाड्यांचे दिवे फाकलेले दिसतात. डॉक्टर म्हणतात, जुनाच फ्लॅप, म्हणजे तेव्हा कापलेला बुबुळावरचा पातळ पापुद्रा, उचलून पुन्हा लेसर मारू. वय ३४, द्राक्षबाग आहे. काय करू?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक

उत्तर : आधी नंबर का आला ते शोधा. लेसरनंतर कॉर्नियाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) वरचा थर जाड होतो किंवा डोळाच लांबतो. तिथे पुन्हा लेसर चालतो. पण कॉर्निया कमजोर होऊन पुढे फुगत असेल, तर लेसरने तो आणखी बिघडेल, तिथे क्रॉसलिंकिंगच, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा उपचार. कोरडा डोळा आणि वाढलेली साखरही नंबर हलवतात. म्हणून टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) करा आणि ऑपरेशनआधीची जुनी फाइल सोबत न्या. सहा महिन्यांच्या अंतराने काढलेल्या दोन नंबरांत ०.५० हून जास्त फरक असेल, तर थांबा.

आता हिशेब. समजा कॉर्नियाची जाडी आज ४६५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे आणि फ्लॅपची ११०. खाली उरले ३५५. एका नंबरमागे साधारण १५ धरले तर सव्वाला १९ जातात, राहतात ३३६. किमान २५० हवेत, सावध सर्जन ३०० धरतात. म्हणजे जाडी पुरेशी आहे. तरी इतका जुना फ्लॅप उचलू नये, असं आमचं मत. कड घट्ट धरलेली असते. ती सोडवताना वरच्या थरातल्या पेशी फ्लॅपखाली शिरतात आणि तिथेच वाढतात. मग त्या खरवडायला फ्लॅप पुन्हा उचला!

त्यापेक्षा फ्लॅप न उचलता वरूनच लेसर मारायची पीआरके पद्धत बरी. वरचा थर काढून लेसर, धूसर डाग पडू नये म्हणून ०.०२ टक्के मायटोमायसिन काही सेकंद, मग जखम झाकणारी बँडेज लेन्स चार-पाच दिवस. पहिले तीन दिवस चांगलंच चुरचुरतं. नजर बसायला महिना-दोन महिने जातात. स्टेरॉइडचे थेंब मनाने बंद करू नका आणि लांबवूही नका. लांबवले तर डोळ्याचा दाब वाढतो.

डाव्याला हात लावू नका. तेवढा मायनस चाळिशीनंतर जवळचं वाचायला कामी येतो.

आणि ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. त्यानंतर फवारणी सुरू होते, आणि ब्लोअरचा फवारा ताज्या डोळ्याला परवडणारा नाही. निदान महिनाभर बागेतलं औषध दुसऱ्या कुणाकडे सोपवा. तोवर घाटापुरता चष्मा गाडीत असू द्या.