किट कारचे भाग उशिरा येणार असतील तर तोपर्यंत बांधणीचे काम पुढे कसे न्यावे?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की आपण ब्रिटनमध्ये लोटस सेव्हन या छोट्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची किट कार (सुटे भाग मागवून स्वतः जोडायची गाडी) घरच्या गॅरेजमध्ये बांधत आहात, चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन हाती आले आहे, पण गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना इंजिनची शक्ती वाटून देणारा भाग) काही आठवडे लांबले आहेत, आणि तोवर काम बंद ठेवावे की चालू, हा आपला पेच आहे. मी लेस्टरमध्ये याच प्रकारची गाडी बांधली असून माझे डिफरेन्शियलही पुरवठादाराने दिलेली तारीख उलटल्यानंतर बऱ्याच उशिरा आले. माझे मत असे की काम अवश्य चालू ठेवावे. मात्र जो भाग यायचा आहे त्याची वाट आपल्याच हाताने अडवू नये.

या गाड्यांत दोन्ही आसनांच्या मधला, गिअरबॉक्स सामावणारा बोगदा इतका अरुंद असतो की इंजिन आणि गिअरबॉक्स आधी एकमेकांना जोडून मग क्रेनने एकत्रच आत उतरवावे लागतात. त्यामुळे गिअरबॉक्स येईपर्यंत एकटे इंजिन बसवण्यात काही अर्थ नाही, आणि रेडिएटर, नोजकोन (गाडीचे पुढचे निमुळते आवरण) व हेडलाइट हेही बाजूलाच ठेवलेले बरे, कारण इंजिन आत घेताना नेमके तेच आडवे येतात किंवा ओरखडतात. मागच्या बाजूला हाच न्याय इंधनाच्या टाकीला लावावा; ती बसली की डिफरेन्शियलभोवती पाना फिरवायला जागा उरत नाही.

निर्धास्तपणे हाती घेण्याजोगे मोठे काम म्हणजे पुढचे सस्पेन्शन आणि स्टिअरिंग रॅक. विशबोन (चाक चासीला जोडणारे त्रिकोणी दांडे) बसवताना बुश (त्यांच्या टोकाची रबरी नळी) आणि चासीवरचा ब्रॅकेट यांच्यामध्ये वॉशर सरकवायचा असतो, आणि ब्रॅकेटच्या आतल्या पावडर कोटिंगच्या (भाजून चढवलेल्या रंगाच्या थराच्या) जाडीमुळे तो बऱ्याचदा आत जातच नाही. अशा वेळी हातोडी न उचलता ब्रॅकेटच्या बाहेरून मास्किंग टेप चिकटवावी, आतला जादा थर कानशीने हलकेच काढावा आणि वॉशरला थोडे ग्रीस लावून तो जागेवर धरून ठेवावा. घाईच्या दिवसांत हे काम वैताग आणते, पण सध्या आपल्याकडे वेळच वेळ आहे. रबरी बुशांचे बोल्ट मात्र आत्ताच पूर्ण आवळू नयेत. गाडी स्टँडवर असताना ते आवळले तर चाके लोंबत्या स्थितीत असतानाच रबर जखडले जाते आणि पुढे गाडीचे वजन चाकांवर आले की ते कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. म्हणून टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) अंतिम आवळणी झालेल्या नटांवर एका रंगाची खूण करावी आणि ज्यांची आवळणी बाकी आहे त्यांच्यावर दुसऱ्या रंगाची. जे जोड नंतर पुन्हा सोडावे लागणार आहेत तेथे तात्पुरते साधे नट वापरावेत, कारण नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहसा सैल न होणारे नट) पुन्हा पुन्हा काढ-घाल केल्यावर त्यांची पकड भरवशाची राहत नाही.

पुढचे ब्रेक कॅलिपर (चकतीवर ब्रेकपॅड दाबणारे भाग) बसवायला हरकत नाही. ब्रेक ऑइल मात्र मागचे ब्रेक पूर्ण झाल्याखेरीज भरू नये. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि सांडल्यास रंगही खराब करते.

बहुतेक जण दुर्लक्ष करतात ते काम म्हणजे आयव्हीए (एकेका गाडीला मंजुरी देणाऱ्या ब्रिटनच्या सरकारी) चाचणीची पूर्वतयारी, आणि माझ्या मते थांबलेल्या काळाचा सर्वांत चांगला उपयोग तोच आहे. गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी ही चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते आणि तिची नियमावली सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळते. ती हातात घेऊन चासीभोवती सावकाश फिरावे: बाहेरच्या ज्या कडा आणि टोके तपासणीच्या कक्षेत येतात त्यांना साधारणपणे किमान 2.5 मिमी त्रिज्येची गोलाई लागते, त्यामुळे कोठे रबरी पट्टी चढवावी लागेल आणि कोणत्या नटांवर प्लास्टिकच्या टोप्या बसवाव्या लागतील, याची नोंद आत्ताच करता येते. सोबत पावत्या, इंजिन क्रमांकाचा पुरावा आणि बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे एका फाइलमध्ये लावत जावीत. गाडी आपण स्वतः हौसेखातर बांधली हे दाखवताना आणि पुढे डीव्हीएलएकडे (वाहनांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या सरकारी संस्थेकडे) नोंदणीसाठी व्ही 627/1 हा अर्ज भरताना ती उपयोगी पडतात.

पुरवठादाराला दर दोन दिवसांनी फोन करून काही साधत नाही. त्यापेक्षा उरलेल्या प्रत्येक भागाची अपेक्षित तारीख लेखी मागावी आणि जे भाग तयार आहेत ते वेगळे पाठवता येतील का, हे विचारावे. आलेली खोकी सामानाच्या यादीशी ताबडतोब ताडून पाहावीत, म्हणजे एखादा बोल्टसंच कमी असल्याचे आत्ताच कळते आणि तो गिअरबॉक्सबरोबरच मागवता येतो. डिफरेन्शियल आल्यावर ते जागेवर चढवण्याआधी त्याचे गिअरचे गुणोत्तर ऑर्डरप्रमाणे आहे ना आणि ऑइल सील शाबूत आहेत ना, हे बाकावरच तपासावे. एकदा आत गेल्यावर ते पुन्हा बाहेर काढायचे म्हणजे मागचे सस्पेन्शन सगळे सोडवण्याची वेळ येते.