टॉवर तेच ठेवून कार्बनच्या गाभ्याची तार ओढली तर वीज दुप्पट जाते का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरजवळच्या शिरोलीसारख्या फाउंड्रीच्या भागात लोड वाढला आणि जुन्या 110 केव्ही (किलोव्होल्ट) लाइनवर टॉवर न बदलता ही कार्बनच्या गाभ्याची तार ओढली, तर वीज खरंच दुप्पट जाते का, आणि ती तुटते म्हणतात ते खरं का.

जाते. ओव्हरहेड लाइनवर करंट किती सोडायचा हे बऱ्याचदा झोळ, म्हणजे दोन टॉवरमध्ये तार किती खाली लोंबते ते, ठरवतो. जुन्या ‘पँथर’ नावाच्या तारेत 3 मिमीच्या 30 ॲल्युमिनियमच्या आणि 7 पोलादी तारा असतात. ती तापली की लांबते, खाली येते. 110 केव्हीला जमिनीपासून किमान 6.1 मीटर अंतर राखावंच लागतं, आणि आपल्याकडे खाली तुरा आलेला ऊस असतो. शिवाय कडक ॲल्युमिनियम नव्वद अंशांपुढे सतत तापलं की मऊ पडतं.

नव्या तारेत ॲल्युमिनियम आधीच मऊ केलेलं असतं. तापल्यावर सगळा ताण गाभा घेतो. 300 मीटरच्या स्पॅनमध्ये (दोन टॉवरमधल्या अंतरात) तापमान 100 अंशांनी वाढलं तर पोलाद सुमारे 34 सेंटीमीटर लांबतं, कार्बनचा गाभा जेमतेम 5. म्हणून ती सतत 180 अंशांपर्यंत चालते. तरी रोज दुप्पट करंट सोडू नका. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज चौपट होते, आणि 180 अंशांवर तारेचा रोध 75 अंशांपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त असतो. शेजारची लाइन बंद पडली तर तेवढ्यापुरती ही ताकद वापरावी, असं माझं मत.

आता तुटण्याचं. ताणाला हा गाभा दणकट आहे, पण पोलादासारखा फार वाकवलेला त्याला सोसत नाही. आतले धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि तार काही महिन्यांनी तुटते. म्हणून लहान पुली नको, तार पुलीवरून तिरकी ओढायची नाही, ड्रमवरून सोडताना वेटोळं पडू द्यायचं नाही. जमिनीवरून फरफटत नेली तर मऊ ॲल्युमिनियम ओरखडतं. तार ओढताना नेहमीची पकड लावू नका, कंपनीने सांगितलेलीच वापरा. टोकाला गाभा सहसा क्रिंप करत (दाबून चेपत) नाहीत, तो कॉलेटमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी आवळणाऱ्या पकडीत, धरतात. ॲल्युमिनियम सोलताना करवतीचा दात गाभ्याला लागला, तर तेवढा तुकडा कापून टाका. गाभ्यावरचं काचेच्या धाग्याचं आवरण कार्बनला ॲल्युमिनियमपासून वेगळं ठेवतं. ते फाटलं की ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजायला लागतं.

आणि सबस्टेशनमधले सीटी (करंट मोजण्याचे ट्रान्सफॉर्मर), आयसोलेटर (लाइन वेगळी करायचे स्विच), जम्परचे (जोडतारांचे) क्लॅम्प आधी तपासा. ते जुन्याच करंटचे राहिले, तर तार कितीही चांगली असो, लाइन तेवढ्यावरच अडते.